जुनी मोटारसायकल घरीच दुरुस्त करून पुन्हा उभी करताना: आपले अनुभव लिहा

सातारी
अंगणात, शेडमध्ये, जिन्याखाली कुणी येझदी, जावा, राजदूत, बुलेट उघडली असेल तर इथे लिहा. रंग आणि क्रोमचे फोटो खूप दिसतात. मला त्याआधीचं काम वाचायचंय. कुठे अडलं, कशानं सुटलं.

आमच्याकडे वडिलांची येझदी रोडकिंग. चालू व्हायची, पण पांढरा धूर थांबेना आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन रेसच राहायचं. मिस्त्री बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायला सांगत होते. मला खटकलं ते गिअरबॉक्सचं ऑइल. पातळी कमी होत होती आणि जमिनीवर थेंब नव्हता, म्हणजे ते इंजिनातच जळत होतं. टू-स्ट्रोकची क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँक फिरते ती पेटी, हवाबंद लागते. क्रँकचं क्लचकडचं सील (रबरी कडी) कडक झालं की गिअरऑइल आत ओढलं जातं. दुसऱ्या बाजूचं गेलं की हवा शिरते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं आणि इंजिन तापतं. दोन्ही सील बदलली. बोअरला हात लावावा लागला नाही. येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला, त्यामुळे जुना पार्ट शाबूत असेल तर तो जपावा, असं माझं ठाम मत आहे.

पंचगंगा
दादा, सीलचं अगदी बरोबर. मी सासऱ्यांबरोबर राजदूत केली. टाकीतल्या गंजाला कडक ॲसिड नको, चांगला पत्राही खातं. गरम पाण्यात लिंबूसत्त्व घालून रात्रभर ठेवलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, लगेच वाळवून आतून टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये घालतात ते) फिरवलं. ओली राहिली तर टाकी पुन्हा लाल होते.

नाशिककर
फ्रेम पावडर कोटिंगला देताना चेसिस नंबरवर टेप लावायला सांगाच. जाड थराखाली नंबर बुजला की आरटीओत पासिंगला अडतं. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं, शिवाय पर्यावरण कर. रंग बदलणार असाल तर त्याची नोंदही आरसीवर हवी. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

कास्टआयर्न
जुनी बुलेट. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची (पुशरॉडची) फट, थंड इंजिनवरच लावायचे. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पुशरॉड बोटांनी सहज फिरावा पण वर-खाली हलू नये. स्पॅनर फिरवताना आबा शेजारी बसून बघायचे, ते शिक्षण मोलाचं.
सातारीदादा, ठिणगीसाठी जुने पॉइंट ठेवलेत की इलेक्ट्रॉनिक सीडीआय बसवलं?

सातारी
पॉइंटच. ०.४ मिमी गॅप, फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं). रस्त्यात बंद पडली तर पॉलिश पेपर मारून पुढे जाता येतं, सीडीआय गेलं की टेम्पो बोलवावा लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी पार्ट शोधतो. डायनॅमोचं कव्हर अजून मिळालेलं नाही. कुणाकडे असेल तर कळवा.