झिजलेला स्टीअरिंग कपलर: रबराच्या जागी रबरच बसवावं का?

जुनंचाक:
जुन्या गाडीचं स्टीअरिंग सैल वाटलं की बहुतेकांचा हात आधी स्टीअरिंग बॉक्सच्या (चाकं वळवणाऱ्या दातेरी पेटीच्या) ॲडजस्टिंग स्क्रूकडे जातो. मला हे अजिबात पटत नाही. प्ले (सैलपणा) कपलरमध्ये, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा बॉक्सला जोडणाऱ्या तुकड्यात, असताना स्क्रू आवळला, तर बॉक्सचे दाते मधोमध घट्ट होतात, वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही आणि चांगला बॉक्स फुकट झिजतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकानं स्टीअरिंग व्हील डावी-उजवीकडे थोडं हलवायचं, दुसऱ्यानं कपलर बघायचा. वरचा फ्लँज (चकतीला बोल्टनं जोडलेला धातूचा भाग) हलतोय आणि खालचा उशिरा हलतोय, म्हणजे मधली रबरी चकती गेली. कडेला भेगा, बोल्टची भोकं लांबट झालेली, कापडाचे धागे बाहेर आलेले, हेही दिसेल.

आता वादाचा मुद्दा. चकती काढून तिथे धातूचा सरळ कपलर किंवा युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणारा धातूचा सांधा) बसवायला माझा विरोध आहे. चेसिस (खालचा सांगाडा) आणि बॉडी वेगळ्या असलेल्या गाड्यांत कॉलम, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा धरणारा भाग, बॉडीला असतो, बॉक्स चेसिसला. गाडी चालताना दोन्ही आपापल्या परीनं हलतात. हा फरक रबर पोटात घेतं. सरळ धातू लावला की तोच ताण बॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

नटबोल्ट:
पूर्ण असहमत. स्टीअरिंगसारख्या ठिकाणी रबर हवंच कशाला? वरून तेल गळतं, शेजारी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा नळ) तापतो, रबर कुजणारच. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये तर कारखान्यातूनच युनिव्हर्सल जॉइंट येत होता आणि ती गाडी चालवायला किती नेमकी आहे! हाताची हालचाल चाकापर्यंत जशीच्या तशी पोहोचली पाहिजे.

जुनंचाक:
एमजीबीचा कॉलम, त्याचा कोन आणि आधार मुळातच त्या जॉइंटसाठी आखलेले आहेत. तिथे तो शोभतो. रबरी कपलरसाठी आखलेल्या कॉलमला आधार कमी असेल, तर जॉइंट घातल्यावर दांडा डगमगतो. शिवाय एकच जॉइंट कोनात बसला की फिरण्याचा वेग एका फेऱ्यात कमी-जास्त होतो, कोन वाढेल तसा जास्त. नेमकेपणासाठी बसवायचा आणि नेमकेपणाच घालवायचा?

आणि रबर फाटलं की स्टीअरिंग सुटतं, ही भीती सरसकट खरी नाही. कित्येक अमेरिकन गाड्यांच्या कपलरमध्ये फ्लँजवर थांब-पिना असतात. चकती फाटली तर पिना समोरच्या फ्लँजच्या खाचेत अडकतात. स्टीअरिंग भयंकर सैल होतं, पण गाडी वळते. अर्थात तशी पुढे चालवायची नाही, जागीच थांबवायची.

सरळरस्ता:
रबराऐवजी पॉलियुरेथेनच्या (एक प्रकारच्या चिवट प्लास्टिकच्या) चकतीचा विचार कुणी केलाय? तेलाला रबरापेक्षा चांगलं टिकतं आणि प्लेही कमी.

नटबोल्ट:
केलाय. तेलाचं खरं आहे, पण कडक असतं, त्यामुळे रस्त्याची थरथर बऱ्यापैकी हातात येते. मग धातूनं काय बिघडलं? आणखी एक: जुन्या साठ्यातली 'न वापरलेली' रबरी चकती लोक हौसेनं घेतात. खोक्यात ठेवलं तरी रबर वयानं कडक होतंच. त्यापेक्षा लोखंड बरं.

जुनंचाक:
साठ्याबद्दल तुमचं बरोबर आहे. चकती नव्यानं बनवलेलीच घ्यावी, वाकवून बघावी, भेग दिसली तर परत करावी. पण त्यावरून रबरच नको असं ठरत नाही. तेल गळतंय तर आधी गळती थांबवा. रेससाठीच बांधलेल्या गाडीत तुम्ही धातू लावा, माझं काही म्हणणं नाही. रस्त्यावर लांब पल्ल्याला चालणाऱ्या गाडीत मी लावणार नाही.

हॉर्नवाला:
फोक्सवॅगन बीटलवाल्यांनी एक लक्षात ठेवा. रबर वीज अडवतं, म्हणून हॉर्नच्या अर्थिंगसाठी कपलरला ओलांडून जाणारी छोटी तार असते. कपलर बदलला आणि हॉर्न बंद पडला, तर आधी ती तार बघा.

सरळरस्ता:
रबरच घेतोय. पण जुना कपलर दांड्यावरून निघतच नाही. हातोडी मारू का?

जुनंचाक:
मुळीच नको! १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक गाड्यांत अपघातात दबणारे कॉलम आले, काहींमध्ये प्लास्टिकच्या पिना असतात. एका घावात त्या तुटू शकतात. बॉक्सच्या बेअरिंगलाही मार बसतो.

चाकं सरळ करून दांडा आणि कपलर दोन्हींवर खूण करा. पिंच बोल्ट (कपलरचा क्लॅम्प दांड्यावर आवळणारा) नुसता सैल करून चालत नाही. बहुतेक गाड्यांत तो दांड्याच्या खाचेतून जातो, पूर्ण काढावाच लागतो. तरीही हलत नसेल तर गंज सुटायचं तेल घालून रात्रभर ठेवा, मग क्लॅम्पची फट हलकेच रुंद करा.

नटबोल्ट:
इथे मी तुमच्याच बाजूनं. लॉकिंग नट नवेच लावा, आवळणी मॅन्युअलमधल्या टॉर्कनं. आणि गाडी खाली उतरवण्याआधी स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, बोल्टचं डोकं कुठे घासत नाही ना.