अनुभव धागा: खोटं तुम्हाला कशामुळे पटलं?

२०१८ च्या जूनमध्ये घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला. बाइकवरचे दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात, एवढाच. मावशीने पाठवलेला, म्हणून मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. मग कळलं, तो व्हिडिओ कराचीतला, पालकांनी सावध राहावं म्हणून केलेला. मूळ व्हिडिओत ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढंच कापलं होतं. माझ्या हातूनही तो पुढे गेला, हे मनातून जात नाही.

तुमचेही अनुभव लिहा. किती पैसे गेले ते राहू द्या, आपल्याला पटलं कसं ते सांगा.

*

२१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस. मी सहावीत. चमचा सोंडेला लावला आणि दूध कमी होताना डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी दुधात कुंकू कालवून मातीच्या मूर्तीला चमचा लावला. सोंडेवरून पोटापर्यंत लाल ओघळ उतरला. दूध चमच्यातून मूर्तीकडे ओढणारा पृष्ठताण तेव्हा कळला. पण आदल्या दिवशी रांगेतल्या दोनशे माणसांत ओघळ बघायला मान खाली घालणारं कुणीच नव्हतं, मीही नाही.

*

'लकी ड्रॉ लागलाय, फक्त नवरा-बायको दोघांनी यायचं.' हॉलिडे क्लबची मेंबरशिप होती. एसी हॉलमध्ये तीन तास. मधूनच कुठल्यातरी टेबलावर सही व्हायची, सगळे टाळ्या वाजवायचे. 'हा रेट आजच्यापुरताच.' दोघांना का बोलावलं ते घरी आल्यावर उमगलं: 'घरी विचारून सांगतो' म्हणायची सोयच ठेवली नव्हती. ऐंशी हजार भरून बसलो होतो.

*

वरचं वाचून बाबा आठवले. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या गणवेशातला माणूस: 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाशी बोलू नका.' असली अटक कायद्यात नाहीच. पण चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस वर्दीसमोर आपसूक 'हो साहेब' म्हणतो. दोन तास कडी लावून बसले होते, एफडी मोडायची तयारी झाली होती. आईने दार वाजवलं, "अहो, चहा निवतोय." त्यांनी उत्तर दिलं नाही, तशी ती वाजवतच राहिली. शेवटी उठून कडी काढली आणि तिला बघून रडायलाच लागले. फोन आईने बंद केला.