संशोधन दवाखान्यातही होतं

"संशोधन मेडिकल कॉलेजांनी करावं, फॅमिली डॉक्टरनं सर्दी-ताप बघावा" हे मत मला अजिबात पटत नाही. कोकणात लाल विंचू चावून माणसं दगावायची. दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग फुफ्फुसात पाणी. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून बारीक नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं कितीतरी जीव वाचले. हे मोठ्या शहरातल्या वॉर्डात दिसलंच नसतं, कारण रुग्ण तिथवर पोचतच नव्हता.

आमच्या गावच्या डॉक्टरांकडे ४० वर्षांचे केसपेपर सुतळीनं बांधून ठेवलेले होते, एकेका घराच्या तीन पिढ्यांचे. दवाखाना बंद झाला तेव्हा सगळे गठ्ठे रद्दीत गेले. त्यातूनही असंच काही शोधता आलं असतं, म्हणून अजून हळहळ वाटते.