मदत हवी आहे: खणाच्या बटव्यात बेसनाचे लाडू, तुपाचे डाग कसे टाळू?

यंदा दिवाळीत शेजारी आणि ऑफिसमध्ये विकतची मिठाई न देता घरचा फराळ द्यायचा ठरवलाय. गुळेदगुड्डचा खण आणून 25 बटवे शिवले, गोंड्याची नाडीसुद्धा लावली. दिसतात झकास!

नमुना म्हणून एका बटव्यात बटर पेपरमध्ये गुंडाळून चार लाडू ठेवले. दुसऱ्या दिवशी खणावर हा एवढा तुपाचा डाग. आणि लाडू बसून त्यांच्या वड्या झालेल्या. प्रमाण एक किलो जाडसर बेसनाला साधारण 600 ग्रॅम तूप. सासूबाई म्हणतात, तूप जास्त झालं आणि मिश्रण गरम असतानाच पिठीसाखर घातलीस. बहुतेक त्यांचंच खरं असावं (त्यांना सांगू नका).

तर, उरलेलं मिश्रण कोरडं बेसन भाजून मिसळलं तर सुधारेल का? की मिल्क पावडर बरी? बटव्याच्या आत काय घालू? प्लॅस्टिकचा डबा नकोय, पळसाच्या पानांचे द्रोण चालतील का? शंकरपाळे, चिवडा सोबत ठेवले तर मऊ पडतील, अशीही धास्ती आहे.

वसुबारसेच्या आधी वाटायचेत. लवकर सांगा, प्लीज.