साउथ मेलबर्न हेलास : चार वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला क्लब आज राज्य पातळीवर का खेळतो?

सुमेध यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मे २०२५ मध्ये टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवून युरोपा लीग जिंकली, तेव्हापासून त्यांचे त्या वेळचे प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे. ते ज्या क्लबात लहानाचे मोठे झाले, त्या साउथ मेलबर्नचे नाव त्यातूनच कळले. हा क्लब चार वेळा ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विजेता होता, हंगेरीचे महान फुटबॉलपटू फेरेंत्स पुश्काश यांच्यासारखा माणूस तिथे प्रशिक्षक होता आणि जानेवारी २००० मध्ये हा संघ माराकाना स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध खेळला. असे असूनही आज हा क्लब व्हिक्टोरिया राज्याच्या लीगमध्ये अर्धव्यावसायिक संघ म्हणून खेळतो आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रमुख ए-लीगमध्ये त्याला जागा नाही, हे वाचून मी चक्रावलो.

माझे प्रश्न दोन आहेत. हा क्लब खाली कसा आला? आणि इतकी वर्षे राज्य पातळीवर राहूनही तो टिकला कसा? मेलबर्नमध्ये राहणाऱ्या किंवा तिथल्या फुटबॉलची माहिती असणाऱ्या जाणकारांनी सविस्तर लिहिले तर फार बरे होईल.

माधवी यांचा प्रतिसाद

सुमेध, तुमच्या पहिल्या प्रश्नातला 'खाली आला' हा भागच आधी दुरुस्त करायला हवा. साउथ मेलबर्न मैदानावर हरून, गुणतक्त्यात तळाला जाऊन खाली उतरलेला नाही. तो ज्या लीगमध्ये होता ती लीगच २००४ मध्ये गुंडाळली गेली आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या नव्या लीगमध्ये त्याला घेतले गेले नाही. हा फरक लक्षात घेतला नाही तर या क्लबाचा पुढचा सगळा इतिहास एखाद्या ऱ्हासाच्या कहाणीसारखा वाटू लागतो आणि तो तसा नाही.

क्लबाचा जन्म १९५९ चा. साउथ मेलबर्न युनायटेड, हेलेनिक आणि यारा पार्क असे तीन लहान क्लब एकत्र येऊन साउथ मेलबर्न हेलास (हेलास म्हणजे ग्रीस) उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीसमधून हजारो माणसे मेलबर्नच्या कारखान्यांत कामाला आली होती. त्यांना इंग्रजी फारसे येत नव्हते आणि शहराचा जीव ज्या खेळात होता तो ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल (आपण फुटबॉल म्हणतो त्याहून वेगळा खेळ) त्यांना परका होता. आठवडाभर पाळ्या केल्यानंतर आपल्या भाषेत मोठ्याने बोलता येईल, गावाकडची माणसे भेटतील, नोकरीचा किंवा भाड्याच्या खोलीचा पत्ता लागेल, अशी जागा म्हणजे क्लबाचे मिडल पार्कचे मैदान. १९६२ मध्ये या क्लबाने राज्य विजेतेपद मिळवले आणि १९६४ ते १९६६ अशी सलग तीन वर्षे ते पुन्हा जिंकले. जेमतेम काही वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या, सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या क्लबासाठी ही कामगिरी थोर म्हणावी लागेल.

१९७७ मध्ये नॅशनल सॉकर लीग सुरू झाली. ऑस्ट्रेलियातील कोणत्याही प्रकारच्या फुटबॉलमधली ही पहिली खऱ्या अर्थाने राष्ट्रीय लीग होती आणि साउथ मेलबर्न तिच्या पहिल्या हंगामापासून शेवटच्या हंगामापर्यंत तिच्यात होता. १९८४, १९९०-९१, १९९७-९८ आणि १९९८-९९ ही त्याची चार राष्ट्रीय विजेतेपदे. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आजच्या वाचकाला ती सहसा माहीत नसते : त्या लीगमधले बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करणारे आणि संध्याकाळी सरावाला येणारे होते. म्हणजे 'अर्धव्यावसायिक' हा शिक्का क्लबावर आज बसलेला नाही. शिखरावर असतानाही तो बव्हंशी तसाच होता. त्याच्याभोवतीची व्यवस्था मात्र बदलली.

ती कशी बदलली ते थोडक्यात सांगायचे तर, २००३ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या कारभारावर क्रॉफर्ड समितीचा अहवाल आला, जुनी संघटना मोडीत निघाली, फ्रँक लोवी यांच्या नेतृत्वाखाली नवी उभी राहिली आणि तिने साधारणपणे एका शहरात एकच क्लब या सूत्रावर ए-लीग आखली. मेलबर्नच्या वाट्याची जागा मेलबर्न व्हिक्टरी या नव्या क्लबाला मिळाली. त्याच २००४ सालात साउथ मेलबर्न आर्थिक अडचणीत सापडून प्रशासकाच्या हाती गेला होता. सभासदांनी आणि चाहत्यांनी पदरमोड करून त्याला बाहेर काढले, २००५ मध्ये संघ राज्य लीगमध्ये उतरला आणि २००६ मध्ये ती लीग जिंकला. २०१४ आणि २०१६ मध्येही तो राज्य विजेता ठरला, पण वर जाण्याची वाटच नव्हती. ए-लीगमध्ये खालून बढती मिळत नाही. तिथे परवाना मिळवावा लागतो.

शिरीष यांचा प्रतिसाद

माधवीताईंनी चौकट नीट मांडली आहे. मी फक्त पुश्काश यांच्या काळाविषयी लिहितो, कारण या क्लबाचा स्वभाव त्या दोन-तीन वर्षांत जितका दिसतो तितका इतरत्र दिसत नाही, असे माझे मत आहे.

पुश्काश १९८९ मध्ये मेलबर्नला आले. पन्नाशीच्या दशकातल्या हंगेरीच्या संघाचा कर्णधार, रेआल माद्रिदचा नुसता गोल करणारा नव्हे तर गोलांचा कारखाना म्हणावा असा खेळाडू, वयाच्या साठीत एका स्थलांतरितांच्या क्लबाला शिकवायला येतो, याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. परंतु ग्रीक समाजाशी त्यांचे नाते जुने होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अथेन्सचा पानाथिनाइकोस १९७१ मध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता आणि ते ग्रीक बोलत. इंग्रजी त्यांना बेताचेच येई. म्हणून त्यांचे म्हणणे संघापर्यंत पोचवण्याचे काम कर्णधाराकडे आले आणि तो कर्णधार म्हणजे अथेन्समध्ये जन्मलेला, वयाच्या पाचव्या वर्षी आईवडिलांबरोबर मेलबर्नला आलेला बचावपटू अँज पोस्टेकोग्लू.

पोस्टेकोग्लू आपल्या साध्या, जुन्या गाडीतून पुश्काश यांना सरावाला नेत-आणत. फुटबॉलमधल्या सर्वकालीन महान खेळाडूंपैकी एक शेजारच्या आसनावर बसलेला, आणि वाटेत बोलणे फक्त खेळाचे. आक्रमण करा, दोन्ही बाजूंनी खेळाडू पुढे काढा, समोरच्याने तीन गोल केले तर आपण चार करू, ही पुश्काश यांची धारणा होती. पुढे ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय संघ, योकोहामा, सेल्टिक आणि टॉटनहॅम या सगळ्यांच्या खेळात जे दिसले त्याचे मूळ मला त्या गाडीतल्या गप्पांत दिसते.

१९९०-९१ चा अंतिम सामना मेलबर्न क्रोएशियाविरुद्ध झाला. साउथ मेलबर्न मागे पडला होता, अगदी शेवटी बरोबरी साधून सामना १-१ वर आला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ५-४ असा जिंकला. ग्रीक क्लब आणि क्रोएशियन क्लब, दोन्ही मेलबर्नचे, आणि राष्ट्रीय विजेतेपद पणाला. तेव्हाच्या लीगमध्ये किती ओढ होती हे या एका सामन्यावरून कळते. मेलबर्नमध्ये गॉशेस पॅडॉक येथे २०१७ मध्ये पुश्काश यांचा पुतळा उभारण्यात आला; कधी गेलात तर जरूर पाहा.

आणखी एक : क्लबाच्या चारही राष्ट्रीय विजेतेपदांत पोस्टेकोग्लू आहेत. पहिल्या दोन वेळा खेळाडू म्हणून, नंतरच्या दोन वेळा प्रशिक्षक म्हणून.

सुमेध

माधवीताई, शिरीषजी, मनापासून आभार. दोन शंका राहतात. माराकानापर्यंत हा संघ पोचला कसा? आणि नाव 'हेलास' असूनही अधिकृत ठिकाणी ते फारसे दिसत नाही, त्याचे कारण काय?

गौरी यांचा प्रतिसाद

सुमेध, माराकानाचे उत्तर सोपे आहे. ऑस्ट्रेलिया तेव्हा ओशनिया या पॅसिफिक प्रदेशाच्या फुटबॉल महासंघात होता. १९९९ मध्ये फिजीत झालेली ओशनियाची क्लब स्पर्धा साउथ मेलबर्नने अंतिम सामन्यात नादी संघाला ५-१ असे हरवून जिंकली आणि त्यामुळे ब्राझीलमधल्या पहिल्या क्लब विश्वविजेतेपद स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळाला. गटात ब्राझीलचा वास्को द गामा क्लब, मेक्सिकोचा नेकाक्सा आणि मँचेस्टर युनायटेड. वास्कोकडून ०-२, युनायटेडकडून ०-२ आणि नेकाक्साकडून १-३ अशी हार झाली. नेकाक्साविरुद्धचा एकमेव गोल जॉन अनास्तासियादिस यांचा. निकाल एवढेच सांगतात. पण वास्कोकडे रोमारियो आणि एदमुंदो होते, युनायटेडने या स्पर्धेसाठी इंग्लंडचा एफए कप त्या वर्षी सोडला होता, आणि त्यांच्यासमोर उभे असलेले खेळाडू लहान मैदानांवर, मोजक्या प्रेक्षकांसमोर खेळून आलेले होते. दोन गोलांच्या फरकापलीकडे एकही सामना गेला नाही, ही मला अभिमानाची बाब वाटते. त्या संघाच्या प्रशिक्षकाने पंचवीस वर्षांनी युनायटेडलाच हरवून युरोपीय करंडक उचलला, हे तुमच्या प्रश्नात आलेच आहे.

नावाच्या बाबतीत मात्र माधवीताईंच्या मांडणीत एक भर घालावीशी वाटते. ए-लीगमधून जुने क्लब वगळले गेले ते केवळ पैशांच्या आणि कारभाराच्या कारणांमुळे नव्हे. नव्वदच्या दशकातच राष्ट्रीय संघटनेने क्लबांना वांशिक नावे आणि चिन्हे काढायला लावली होती. त्या काळात साउथ मेलबर्नचे नाव काही वर्षे 'लेकर्स' झाले. गॅलरीतले लोक तरीही हेलासच म्हणत राहिले. पुढे २०१४ मध्ये अशा नावांवर नव्याने बंधने आली आणि २०१९ मध्ये ते धोरण मागे घेतले गेले. संघटनेची बाजूही सांगायला हवी : काही सामन्यांत प्रेक्षकांमध्ये मारामाऱ्या होत, मातृदेशातली वैरे मैदानावर येत, आणि ज्यांचा या समाजांशी संबंध नाही अशा ऑस्ट्रेलियन कुटुंबांना तिथे परके वाटे. हे खोटे नव्हते. परंतु उपाय म्हणून ज्यांनी चार दशके खेळ जगवला त्यांनाच दाराबाहेर ठेवणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते.

माधवी

गौरी, तुमचा मुद्दा मान्य आहे. नावाचे धोरण आणि नवी लीग यांना वेगळे करता येत नाही. नव्या लीगच्या 'नवे फुटबॉल' या घोषणेचा अर्थ, म्हणजे जुने स्थलांतरितांचे क्लब नकोत, हा सगळ्यांना समजत होता. मात्र एक सांगते, २००४ मधली क्लबाची आर्थिक स्थिती खरोखरच बिकट होती. नव्या लीगमध्ये निमंत्रण मिळाले असते तरी ते पेलण्याइतके भांडवल क्लबाकडे होते असे मला वाटत नाही.

मैदानाचीही हकीकत यातच येते. मिडल पार्कचे मैदान आल्बर्ट पार्कमधल्या ग्रां प्री शर्यतीच्या योजनेत गेले आणि १९९५ मध्ये क्लब जवळच्या लेकसाइड स्टेडियममध्ये आला. ही जागा पूर्वी त्याच उपनगराच्या ऑस्ट्रेलियन रूल्स क्लबाची होती, जो १९८२ मध्ये सिडनीला जाऊन स्वॉन्स झाला. त्यांचा १९२६ सालचा जुना प्रेक्षकमंडप अजून उभा आहे. पुढे राज्य सरकारने तिथे धावपट्टी केली, त्यामुळे प्रेक्षक मैदानापासून दूर गेले. मिडल पार्कला प्रेक्षक खेळाडूंच्या इतक्या जवळ असत की थ्रो-इन घेणाऱ्याला मागून सूचना मिळत, असे जुने सभासद सांगतात.

हेमंत यांचा प्रतिसाद

टिकला कसा, या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. मी मेलबर्नमध्ये राहतो आणि लेकसाइडला सामने पाहायला जातो.

राज्य लीगमधल्या क्लबाचा खर्च तीन-चार गोष्टींवर चालतो : सभासदांची वर्गणी, स्थानिक व्यावसायिकांच्या जाहिराती, लहान मुलामुलींच्या संघांचे शुल्क आणि सामन्याच्या दिवशीची विक्री. तिकिटाच्या खिडकीवर, मुलांच्या संघांच्या व्यवस्थेत आणि सुवलाकी या ग्रीक मांसपदार्थाच्या शेगडीपाशी बहुतेक माणसे बिनपगारी असतात. कोळशावर मांसाच्या सळया फिरवणारे सत्तरीतले गृहस्थ मध्यंतरात रांग वाढली की पाव कापायला नातवाला हाक मारतात आणि तो नातू सकाळी क्लबाच्याच कनिष्ठ संघातून खेळलेला असतो. आता त्या मुलांच्या संघांत ग्रीक आडनावांबरोबर इतर सगळ्या देशांची आडनावे आहेत, आपल्याकडचीही.

स्पर्धेच्या दृष्टीने २०१४ मध्ये सुरू झालेल्या एफएफए कपने मोठा आधार दिला, कारण त्यात राज्य पातळीवरचे क्लब ए-लीगच्या क्लबांशी भिडतात. २०१७ मध्ये साउथ मेलबर्न त्याच्या उपांत्य फेरीत पोचला आणि सिडनी एफसीकडून १-५ असा हरला. २०१८ मध्ये ए-लीगच्या विस्तारासाठी त्यांनी अर्ज केला होता. मेलबर्नची जागा वेस्टर्न युनायटेड म्हणून उभ्या राहिलेल्या नव्या क्लबाला मिळाली. तोच क्लब आर्थिक कारणांमुळे २०२५-२६ च्या हंगामात उतरू शकला नाही.

दरम्यान जुन्या क्लबांनी वर्षानुवर्षे धरलेली मागणी काही अंशी मान्य झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप' ही राष्ट्रीय पातळीवरची दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा सुरू झाली आणि साउथ मेलबर्न तिच्या संस्थापक क्लबांपैकी एक आहे. ए-लीगमध्ये बढतीची सोय त्यात अजून नाही. शिवाय २०२६ पासूनच्या ओशनिया महासंघाच्या व्यावसायिक लीगमध्येही त्यांना स्थान मिळाले आहे. ऑस्ट्रेलियाने तो महासंघ २००६ मध्येच सोडलेला असल्याने ही विशेष बाब आहे. सुमेध, तुम्ही मेलबर्नला येणार असाल तर लीगचा घरचा सामना कधी आहे ते आधी पाहून या. तिकीट खिडकीवर सहज मिळते आणि जुन्या सभासदांपाशी बसलात तर पुश्काश यांच्या काळाविषयी विचारावेही लागत नाही.