'मॅनेज्ड रिट्रीट'ला मराठीत काय म्हणावं?

तिरफळ: रायगडातल्या खाडीकाठच्या गावाचा आराखडा मराठीत करतोय. खाडीलगतचा पट्टा भरतीला सोडायचा आणि घरं मागे न्यायची, याला 'नियोजित माघार' लिहिलं. आक्षेप आला की माघार हरलेला घेतो. 'पुनर्वसन' म्हटलं की धरणग्रस्त आठवतात.

शुद्धमती: सुनियोजित अपसरण.

चिंबोरी: ग्रामसभेत हे वाचून दाखवा, सभाच अपसरेल.

भांगभरती: माघारीचं राहू द्या, मसुद्यातलं 'जलद्वार' आधी काढा. बांधातून आतलं पाणी खाडीत सोडणारं हे दार, त्याला उघाडी म्हणतात. जलद्वार म्हटलं की धरणाचा, चाक फिरवून उचलायचा दरवाजा डोळ्यांपुढे येतो. उघाडीची झडप खाडीच्या बाजूला, वरच्या बिजागरीवर टांगलेली. भरती तिला दाबून बसवते; ओहोटीला आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा चढलं की तेच ढकलून निघतं. झडपेत ओंडका अडकला तर खारं पाणी शेतात, बाहेर गाळ साचला तर गोडं पाणी आत तुंबलेलं.

चिंबोरी: उघाडीला गोव्यात मानस म्हणतात. तिथल्या मासेमारीचा लिलाव होतो, म्हणून शब्द टिकला!

शुद्धमती: उघाडी म्हणायचं आणि निम्मा वेळ बंद. 'झडपद्वार' घ्या. आणि बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीला 'खारलँड' म्हणणं तरी टाळा.

भांगभरती: 1979च्या कायद्यापासून खारलँड रुळलाय, आता कुठे टाळता? 'भगदाड' मात्र खोडाच. भगदाड भिंतीला पडतं, बांधाला खांड जाते. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपतं, आतली माती ओढून नेतं आणि उधाणात बांध बसतो. खांड बुजवायची भांगात, अष्टमीच्या आगेमागे, भरती कमी चढते तेव्हा. पुढच्या उधाणापर्यंत अर्धी राहिली तर घातलेली मातीही जाते.

तिरफळ: मूळ प्रश्न?

भांगभरती: त्याच्याशीच जोडलेलं आहे. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं. निचरा होतो तो त्यातला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असेल तेवढाच वेळ. समुद्र चढला की ही वेळ दोन्ही टोकांनी आखडते, आणि नेमका उधाणात पाऊस पडला तर पाणी जायचं कुठे? घरं मागे नेलीत तरी हे चुकत नाही. म्हणून उघाड्या रुंद करा, किंवा वाढवा. शिवाय आत पाणी थांबायला सखल जागा राखा; तिथे भराव टाकून प्लॉट पाडले तर नुसता उंच बांध काय कामाचा?

चिंबोरी: त्या सखल जागेला गोव्यात पोंय म्हणतात. तुमच्याकडे?

तिरफळ: मी सरळ 'बांध मागे घेणे' लिहितो.

शुद्धमती: ते वर्णन झालं, संज्ञा नव्हे.

चिंबोरी: आणि बांध की बंधारा?