जळकं ऑइल रिफायनरीला द्यावं का? पटत नसेल तर भांडा

बाळेकर_गॅरेज:
आपलं सोलापुरात बाळ्यात छोटं गॅरेज हाय. महिन्याला दोनशे लिटरचं एक बॅरल जळकं ऑइल निघतं, ऊसाचा सीझन लागला की ट्रॅक्टरमुळं दीड. न्यायला एक जण येतो, रोख देतो, पावती नाही, कुठं नेतोस विचारलं तर म्हणतो डाइंगच्या बॉयलरला. म्हणजे आपण काढलेलं काळं ऑइल धूर होऊन आपल्याच छातीत जाणार. आता मला कळलंय की रिफायनरीत यावर प्रक्रिया करून डिझेल, जहाजाचं इंधन असलं काय काय बनवता येतं. मग सगळ्या गॅरेजचं गोळा करून सरळ रिफायनरीला का देऊ नये? पाकणीला पेट्रोल-डिझेलचा डेपो हायच की, तिथंच टाकी ठेवा, आम्ही आणून ओततो.

विजापूररोड_केमिकल:
मालक, पाकणीची पाईपलाईन मुंबईहून इकडं येते, उलटी नाही वाहत 😄
पण मुद्दा चांगलाय म्हणून सविस्तर लिहितो. जळकं ऑइल क्रूडमध्ये (रिफायनरीत येणाऱ्या कच्च्या तेलात) तसंच मिसळता येत नाही. त्यात पाणी असतं, पेट्रोल-डिझेल उतरलेलं असतं, अॅडिटिव्हमधलं (ऑइलमध्ये मुद्दाम मिसळलेल्या रसायनांतलं) झिंक, फॉस्फरस, कॅल्शियम असतं, इंजिन झिजून आलेलं लोखंड-तांबं असतं. हे धातू क्रॅकिंगच्या कॅटॅलिस्टवर (मोठे रेणू फोडायला मदत करणाऱ्या पदार्थावर) बसले की तो निकामी होतो आणि कुणी क्लोरीनवालं सॉल्व्हंट ओतलं असेल तर पाईप गंजतात ते वेगळंच. म्हणून आधी पाणी उडवायचं, मग व्हॅक्यूममध्ये डिस्टिल करायचं, धातू बुडाच्या गाळात राहतात (तो गाळ डांबरात वापरतात) आणि वरचा स्वच्छ भाग हायड्रोजननं धुवायचा. एवढं सगळं झाल्यावर हातात जे येतं ते जवळपास नवं बेस ऑइलच (ज्यात अॅडिटिव्ह घालून इंजिन ऑइल बनतं ते मूळ तेल) असतं की! ते परत फोडून डिझेल करायचं म्हणजे चादर उसवून सूत विकण्यासारखं झालं, सोलापूरकरांना तरी हे सांगायला लागू नये.

बाळेकर_गॅरेज:
सर तुमचं बरोबर असेल पण गिऱ्हाईक? "हे जुन्या ऑइलपासून बनवलेलं हाय" म्हटलं की माणूस गाडी काढून पुढच्या गॅरेजला जातो. डुप्लिकेट ऑइलनं आधीच लोक पोळलेत, जुन्या ब्रँडेड डब्यात काळं गाळून भरणारे काय कमी हायेत का. डिझेलमध्ये कुणी विचारत नाही कशापासून केलं.

विजापूररोड_केमिकल:
गाळून भरणं वेगळं आणि री-रिफाइन करणं वेगळं. ऑइलचा मूळ रेणू इंजिनात फारसा मरत नाही, अॅडिटिव्ह संपतात आणि घाण साठते. पूर्वी गंधकाचं आम्ल आणि माती घालून साफ करायचे, त्यात आम्लाचा काळा गाळ उरायचा, माल पण यथातथाच, बदनामी तिथून झालीय. हायड्रोजनवाल्या प्लांटचं बेस ऑइल नव्याच्या तोडीचं असतं. आणि एका बॅरल क्रूडमधून ल्यूब, म्हणजे असलं वंगणाचं तेल, किती निघतं? अगदी थोडं. जळक्या ऑइलमधून साठ-सत्तर टक्के परत मिळतं.

अक्कलकोट_रोड_डाइंग:
झालं का सगळ्यांचं? आता बॉयलरवाल्याचं पण ऐका. जळक्या ऑइलची उष्णता फर्नेस ऑइलच्या (भट्टी-बॉयलरला जाळायच्या तेलाच्या) जवळपास हाय, भाव कमी, आणि टॉवेलचा धंदा कसा चाललाय ते तुम्हाला माहीत असेल तर बोला नाहीतर गप्प बसा. लाकूड जाळलं तर झाडं, कोळसा जाळला तर राख, गॅस परवडत नाही. मग काय हातानं टॉवेल रंगवू का बे?

जोडबसवण्णा_चौक:
आमच्या गच्चीवरच्या दोरीला येऊन बघा एकदा, पांढरी बनियन संध्याकाळी राखाडी. तुमचा धंदा चालावा म्हणून आमच्या पोरांनी शिसं हुंगायचं होय? जाळायचंच असेल तर कर्नाटकात वाडी-सेडमकडं सिमेंटच्या भट्ट्या हायेत, तिथं चौदाशे अंशाच्या वर तापमान जातं, राख क्लिंकरमध्ये (ज्या खड्यांचं दळून सिमेंट होतं त्यात) मुरते. तुमच्या छोट्या बॉयलरला ना तेवढं तापमान ना धूर गाळायची सोय.

अक्कलकोट_रोड_डाइंग:
तुमचं पटतंय थोडं. पण मला एकट्याला धरू नका, सेंट्रिंगच्या पाट्यांना फासतात, वाळवीला लाकडावर मारतात, ते सगळं पावसात कुठं जातं? आणि गटारीत ओतणारे गॅरेजवाले तर माझ्यापेक्षा वाईट, मी निदान कामाला तरी लावतो.

बाळेकर_गॅरेज:
गटारीचं खरंय. आमच्यातलेच करतात, नाव नाही घेत.

ताई_सातरस्ता:
कायद्याचं कुणी बोलेना म्हणून बोलते. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं, ते प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं असतं, रोख-बिनपावती हा प्रकारच बसत नाही. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून ऑइल कंपन्यांवरच ईपीआर आलंय, म्हणजे विकलेल्या मालाच्या प्रमाणात रिसायकल झाल्याचं दाखवायचं, सुरुवात ५ टक्क्यांपासून, पुढं दरवर्षी वाढत जाणार. त्यामुळं डिझेल का बेस ऑइल यावर भांडण्याआधी बॅरल गॅरेजातून योग्य गाडीत चढतंय का ते बघा.

बाळेकर_गॅरेज:
ताई, गाडी येईल तर चढवीन ना! परवानगीवाल्याला फोन केला तर म्हणतो एका बॅरलसाठी सोलापूरला येणं परवडत नाही, वीस बॅरल साठवा. वीस बॅरल कुठं ठेवू, घरात? आणि हा रोखवाला दर शनिवारी दारात उभा.

विजापूररोड_केमिकल:
मग बाळे-केगाव पट्ट्यातले दहा-बारा गॅरेजवाले मिळून एक जागा बघा. एक लक्षात ठेवा, कूलंट आणि ब्रेक ऑइल त्यात ओतू नका, एका डब्यानं अख्खं बॅरल नाकारलं जातं.

बाळेकर_गॅरेज:
ते आमचं पोरगं आत्तापर्यंत सगळं एकातच ओतत होतं 🤦 आज दुसरा ड्रम आणलाय, त्यावर खडूनं "कूलंट" लिहिलंय. जागेचं शनिवारी बोलू, कोण कोण येणार खाली सांगा.